ससे बरे हायेत ना?

ओतूरच्या पेठेत शेठकाकांच्या कापडदुकानाला पाटी नव्हती. "पाटी कशाला? मी हाय की," असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. त्यांनी गादीवरून "या पावणं!" अशी हाक दिली की एसटी स्टँडवर जुन्नरच्या गाडीची वाट बघणारी माणसंसुद्धा मागं वळून बघायची. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठकाकांचं बोलणं आमच्या शेतकरी घरापेक्षाही गावरान होतं. आमचं घर दुकानाला लागूनच. मी त्या आवाजात अभ्यास करून पास झाले, याचं सगळं श्रेय ते स्वतःकडे घेत.

संवत्सरीला तर विचारूच नका. जैनांचा हा क्षमा मागायचा दिवस. शेठकाका सकाळीच फोन घेऊन बसत आणि पार डिंभे-भीमाशंकरकडच्या गिऱ्हाइकांनाही "मिच्छामि दुक्कडम्, वर्षभरात काय चुकलं-माकलं असंल तर माफी करा" म्हणत. तेही एवढ्या मोठ्यानं, की फोन लावायची गरजच काय असं वाटावं. एकदा त्यांनी एका बाईंची रंग गेलेल्या साडीबद्दल माफी मागितली. ती अख्ख्या पेठेनं ऐकली आणि दुपारपर्यंत आणखी काही बायका साड्या घेऊन दारात हजर. शेठकाकांनी त्यांचीही माफी मागितली, तेवढ्याच मोठ्यानं, आणि साड्या बदलून दिल्या.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागले तेव्हा माझ्या आईच्या आधी त्यांनीच पेढे वाटले. मग विचारलं, "करतीस काय तिथं?"

मी सांगितलं, की आवाज काढणाऱ्या दोन नाजूक घड्या आपल्या गळ्यात असतात. त्यांना जखम झाली तर ती भरते, पण व्रण राहतो आणि घडी ताठ होते.

"म्हंजी रफू केल्यालं कापड. भोक बुजतं, पण झुळझुळ जाती."

"अगदी तसंच. ते रफू मऊ कसं राहील, ते आम्ही सशांच्या गळ्यात बघतो. भूल देऊन."

मुंगी दिसली की पाऊल उचलून पलीकडं टाकणारा माणूस तो. "ससा तर बोलत बी न्हाई," ते म्हणाले. "माझा गळा घ्यायचा व्हता."

"काका, तुमचा गळा आमच्या इमारतीत मावायचा नाही."

ते खदखदून हसले. मग हळूच म्हणाले, "काम झाल्यावर सोडता का त्यांना?"

"नाही, काका."

त्यांनी मांडीवरची साडी उलगडली आणि पुन्हा तिची घडी घातली.

तेव्हापासून माझा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ससे बरे हायेत ना?" आई चिडायची. "अवो शेठ, माझी पोर बरी हाय का, ते बी इचारा की!"

आणि मग शेठकाकांचा हाच आवाज बसायला लागला. जन्मभर ओरडून गळ्यातल्या घडीवर गाठ आली होती. गाठ साधी होती, पण काढली नाही तर आवाज कायमचा जाईल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. शेठकाकांनी त्यांना एवढंच विचारलं, "ह्ये जनावरावर शिकलात का?" डॉक्टर खरं बोलणारे निघाले. म्हणाले, "गळा कसा भरतो, हे बरंचसं जनावरांकडूनच कळलंय." शेठकाका उठले ते थेट ओतूरला परतले.

दुकानासमोरून माणसं हाक न ऐकताच पुढं जाऊ लागली. शेवटी त्यांच्या मुलानं पाटी रंगवून आणली. त्या दिवशी शेठकाका जेवले नाहीत. हे कळल्यावर मी ओतूरला गेले.

"काका, तुम्ही नको म्हणालात म्हणून गेलेला ससा परत यायचा नाही."

"ठाऊक हाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पर त्याला कुणी इचारलं न्हाई." मग त्यांनी पाटीकडं पाहिलं. "बरं. करतो आपरेशन. म्होरलं माझं मी बघीन."

ऑपरेशन नीट झालं आणि त्यांना मौन सांगितलं. ते आम्हाला जास्त जड गेलं. गिऱ्हाईक दिसलं की ते कापड मोजायची पट्टी बाकावर आपटायचे. पट्टी मोडली, पण शब्द काही बाहेर पडला नाही. मौन संपलं ते नेमकं संवत्सरीला. "आज दोन-चारच शब्द, तेही सावकाश," डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यातला एखादा तरी आपल्याला मिळेल म्हणून पेठ फोनकडं डोळे लावून बसली होती.

शेठकाका मात्र मुलाला घेऊन पुण्यात माझ्या दारात उभे. सशांच्या खोलीत बाहेरच्यांना जाता येत नाही. कशीबशी परवानगी काढून मी त्यांना दाराच्या काचेपर्यंत नेलं. त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्."

आवाज मऊ होता, झुळझुळीत. एवढ्या हळू बोललेले शेठकाका मी कधी ऐकले नव्हते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू बी म्हण."

मीही हात जोडून म्हटलं. पलीकडं ससे गवत खात होते.

आता शेठकाका नाहीत आणि दुकानाला पाटी आहे. मला त्यांची फार आठवण येते. संवत्सरीला मी त्या काचेपाशी चपला काढून उभी राहते. पेठेतली माणसं अजून रुसून म्हणतात, आवाज परत आला त्या वर्षी शेठनं आमच्यापैकी कुणालाच फोन केला नाही.