जुळ्यांतली उंच मी

आम्ही जुळी. मी आधी आले, भाऊ मागून. सहावीपर्यंत आम्हाला कपडे एकाच मापाचे लागत आणि आमची भांडणंही बरोबरीत सुटत. सातवीत मी वाढायला लागले. आठवीत अशी वाढले की कुणकेश्वरच्या जत्रेत एका बाईने भावाच्या गालाला हात लावून मला विचारलं, "धाकटो भाव काय गो तुझो?" भावाने त्या बाईच्या हातातलं खाजं घ्यायला नकार दिला. मी दोघांच्या वाटचं खाल्लं.

नववीत जाताना आई आम्हाला शाळेच्या कपड्यांसाठी जामसंड्याच्या शिंप्याकडे घेऊन गेली. दुकानात बरीच गर्दी होती, त्यात आमच्या वर्गातल्या तीन मुली. शिंप्याने माझं माप घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "चेडवाक कापड जास्त लागतला." मग भावाकडे वळला. गळ्यात परत अडकवलेली टेप काढलीच नाही. नुसतं वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "तुझी गेल्या वर्षाची पँट चलतली मरे. खाली सोडूची पन गरज नाय."

वर्गातल्या मुली हसल्या. आईला मात्र एका पँटचे पैसे वाचल्याचा आनंद झाला आणि तो तिला लपवता आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले, तर भाऊ आडव्या बांबूला लोंबकळत होता. आमचे बाबा मासेमारीला जात. त्यांची जाळी वाळत घालायला तो बांबू बांधलेला होता.

"काय करतंस रे?"

"बोलू नको. वाढतंय."

तो रोज सकाळ-संध्याकाळ लोंबकळायला लागला. लोंबकळताना तोंड असं करायचा की समोरून येणारा माणूस घाबरून विचारायचा, काय झालं म्हणून. आठवडाभराने बांबूने हात टेकले. भाऊ खाली पडला तो नेमका आईने सुकत घातलेल्या जवळ्यावर. लागलं काहीच नाही, पण पुढे कितीतरी दिवस आंघोळ करूनही त्याच्या अंगाला सुकटीचा वास येत होता आणि आमच्या गल्लीतली मांजरं त्याला शाळेच्या वळणापर्यंत सोडायला जायची.

बांबू गेला तसा त्याने खाण्याकडे मोर्चा वळवला. याच सुमाराला पिंगुळीहून आमची आत्या राहायला आली. ती बाबांची मोठी बहीण. ती बोलायला लागली की बाबा होडीचं काहीतरी काम आठवून बाहेर जात. तिने आम्हा दोघांना शेजारी उभं करून बघितलं आणि आईला समोर बसवून सांगितलं, "झिलाक दूद दी, अंडी दी. आनि ह्या चेडवाचा दूद बंद कर. अजून वाढला तर नवरो खंयसून हाडूचो? नारळाच्या झाडाक तर लगीन लावूक येवचा नाय!"

आईला ते पटलं. खरं म्हणजे आईला कुणीही ठासून सांगितलेलं पटतंच. बाजारात मासे विकताना ती गिऱ्हाइकालाही तसंच ठासून सांगते, आणि ते दुसरीकडे जात नाही. दुसऱ्या दिवसापासून भावाच्या पुढ्यात पेलाभर दूध, दोन अंडी, सरंगा माशाची मधली तुकडी. माझ्या पुढ्यात पेज आणि शेपटी.

मला त्या वर्षी इतकी भूक लागायची की शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातलं पचनसंस्थेचं चित्र बघूनही तोंडाला पाणी सुटायचं. भाऊ तसा चांगला. आई पाठमोरी झाली की तो एक अंडं माझ्याकडे सरकवायचा, पण वर म्हणायचा, "खा, पन वाढू नको हां!" तशी अट पाळता येईल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणून खायची.

एवढं खाऊनही त्याचं डोकं माझ्या कानाच्या वर जाईना. मग त्याने मोबाईलवर जाहिरात बघून उंची वाढवायची पावडर मागवली. घरी आणली तर बाबा बघतील म्हणून पत्ता दिला तो बाजारातला, आई मासे विकायला बसते तिथला. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आपण तिथे आधी पोचू, असा त्याचा हिशेब. कुरिअरवाला सकाळीच आला. भरल्या बाजारात, मासेवाल्या बायांच्या मध्ये उभा राहून ओरडला, "ती उंची वाढवायची पावडर कोणाची?"

आम्ही पोचलो तेव्हा डबा अर्ध्या बाजारात फिरून आला होता. त्यावर एका जिराफाचं चित्र आणि जिराफाशेजारी सुटाबुटातला माणूस. एका बाईला आपल्या जावयासाठी चमचाभर हवी होती. आईच्या शेजारी बसणारी म्हातारी म्हणत होती, "माका पन दी गो थोडी. फळयेवरचो डबो काढूक हात पावना नाय." आईने डब्यावर बसून घेतलं होतं आणि भावाची वाट बघत होती. तिच्या हातात कोयती होती. मासे कापायचीच, पण भावाने लांबूनच थांबून घेतलं.

"मेल्या, ह्या काय? ह्या खावन तू जिराफ होतलंस?"

तेवढ्यात तिथे आईचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं. गावातल्या डॉक्टरीणबाई. बांगडे घेता घेता त्यांनी सगळा प्रकार ऐकला, डबा हातात घेतला, चष्मा वर करून मागचं बारीक अक्षर वाचलं. म्हणाल्या, "यात साखर आहे, रंग आहे. बाकी काय आहे ते त्यांनी लिहिलेलंच नाही. हे मुलाला देऊ नका. उद्या दोघांना घेऊन या. आणि यांच्या वडिलांनाही आणा." मग बांगड्यांच्या भावावरून दोघींचं नेहमीप्रमाणे वाजलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी आमची उंची घेतली, वजन घेतलं, मग आईला मापाच्या पट्टीखाली उभं केलं. मग बाबांना म्हणाल्या, "या."

"माजी उंची माका म्हायत आसा," बाबा खुर्चीतूनच म्हणाले. "पाच फूट सहा इंच."

आईच्या नाकातून एक आवाज आला. आमच्या घरी लग्नाचा एकच फोटो आहे. त्यात बाबा खुर्चीत बसले आहेत आणि आई मागे उभी आहे. घराच्या दारात उभं राहायचं झालं तरी बाबा नेहमी वरच्या पायरीवर. याचा अर्थ मला त्या दिवशी कळला, कारण बाबा शेवटी पट्टीखाली उभे राहिले आणि पाच फूट चार भरले. आईपेक्षा दोन बोटं कमी.

"लादी खाली बसली आसतली," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी वाढलात? आठवतं?"

बाबा आमच्याकडे न बघता म्हणाले, "बारावी नापास झालंय, त्या वर्षी. तवसर वर्गात पयल्या बाकार बसत होतंय."

"हेच मला हवं होतं," डॉक्टरीणबाई खूश झाल्या. बाबांच्या नापास होण्याने कुणी खूश झाल्याची ही पहिलीच वेळ असावी. भावाने घाबरून विचारलं, "म्हणजे मला पण नापास व्हावं लागेल?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. मुली आधी वाढतात, मुलगे मागाहून. काही घरांत तर बरेच मागाहून. हा अजून वयात यायचाय, वाढायचाच आहे. त्यावर भावाचे कान लाल झाले. लोंबकळून हाडं लांब होत नाहीत, पण खेळावं, धावावं, दोरीवरच्या उड्या माराव्यात. त्याने हाडं मजबूत होतात आणि भूक लागते. डाळ, अंडी, दूध, नाचणी, भाजी, मासे, सगळं घरात आहे तेच खावं. आणि रात्री झोपावं. "किती वाजता झोपतोस?" असं विचारल्यावर भाऊ छताकडे बघायला लागला, कारण जिराफाची जाहिरात बघायची त्याची वेळ तीच होती.

मग त्यांनी माझा हात धरून मनगट बघितलं, मी दिवसभरात काय खाते ते विचारून घेतलं. "आणि हिचं दूध कोणी बंद केलं?"

आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी वजनकाट्याकडे. आत्या पिंगुळीला परत गेली होती, नाहीतर आईने तिच्याकडे बोट दाखवलं असतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ही उंच होतेय ती रिकाम्या पोटी. हाडं भरायची आहेत अजून. तुम्ही तिचं खाणं तोडलंत तर उंची कमी होणार नाही, पोर आजारी पडेल. दोघांना सारखं वाढा."

आई खाली मान घालून बसली. परत येताना तिने रिक्षा थांबवली आणि मला एकटीला दोन उकडलेली अंडी घेऊन दिली. भावाने मागितलं तर म्हणाली, "तू गप रव."

त्या दिवसापासून तिने हे काम हातात घेतलं. पेडवे आणि मोतयाळे हे बारीक मासे काट्यासकट चावून खायचे, टाकायचं काही नाही. सकाळी नाचणीची आंबील. रात्री जेवणं झाली की भावाचा मोबाईल तांदळाच्या डब्यात. मी शाळेच्या व्हॉलीबॉलच्या संघात गेले आणि माझी भूक बघून सर घाबरले. भाऊ समुद्रात पोहायला लागला, दोरीवरच्या उड्या मारायला लागला, लवकर झोपायला लागला, आणि दोन वर्षं काहीही झालं नाही.

अकरावीच्या मे महिन्यात तो अचानक सगळं घर खायला उठला. गुडघे दुखतात म्हणायचा, शर्टाच्या बाह्या कोपराकडे पळायला लागल्या. वर्षभराने एका सकाळी आम्ही स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून उभे राहिलो आणि आईला बघायला सांगितलं. तिच्या हातात चिरलेल्या कांद्याचं ताट होतं. पट्टी शोधायला वेळ कुणाला! तिने ते ताटच आमच्या दोघांच्या डोक्यांवर ठेवलं. ताट सरकलं आणि सगळा कांदा माझ्या केसांत आला.

घरात मग श्रेयाची वाटणी सुरू झाली. आई म्हणाली पेडवे. बाबा म्हणाले रक्त, आणि पहिल्यांदाच आपल्या नापास होण्याची गोष्ट शेजाऱ्यांना सांगत सुटले. आत्याने फोनवरून कळवलं की तिने कुणकेश्वराला सांगून ठेवलं होतं. भाऊ खाजगीत मला म्हणाला की मुळात तो बांबूच.

मी केसांतून कांदा काढत होते. भाऊ माझ्याकडे बघत उभा होता, वरून. इतक्या वर्षांनी वरून बघायला मिळालं होतं, तर मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण तो म्हणाला, "तुका वायट वाटला काय गो?"

मला डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्यामुळे. मी तसं त्याला सांगितलं.

"मगे ठीक," तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यावरची कांद्याची एक फोड उचलून खाऊन टाकली.