वजन झाकणारी चौकट

"आकडा काहून झाकला?" लिंबाजी काकांनी खिडकीबाहेरून विचारलं.

वारंगा फाट्याजवळ मारोतरावांचा वजनकाटा आहे. काकांनी हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर नुकताच काट्यावर चढवला होता. केबिनच्या खिडकीत बाहेर तोंड करून एक स्क्रीन बसवलेला आहे. आतल्या लॅपटॉपवर जे दिसतं तेच त्याच्यावर दिसतं. वजन उमटलं आणि लगेच त्याच्यावर एक निळी चौकट येऊन बसली. तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपला आहे, नवी घ्या, अशा अर्थाचं इंग्रजी. लॅपटॉप सांभाळते ती मारोतरावांची सून, सविता. तिने घाईघाईने चौकट बंद केली, पण तोवर काकांच्या मागचे दोघं-तिघं माना पुढे काढून बघायला लागले होते.

याच चौकटीसाठी मला कळमनुरीहून बोलावलं होतं. तिथे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

मी लॅपटॉप उलटा केला, खालचं लेबल वाचलं आणि सवयीने मोठ्यांदा बोललो, "फारच जुनाय हो हा. आता याचा काही भरवसा नाही."

खिडकी उघडी होती.

"ऐकलं का मारोतराव?" काका म्हणाले. "तुमचाच मिस्त्री म्हणून राहिला, भरवसा न्हाई. राहू द्या माझी चिठ्ठी. मी जातो पुढच्या काट्यावर." ते ट्रॅक्टरवर चढले. मागचेही निघाले.

मी काय करून बसलो ते मला तेव्हाच कळलं. हळदीच्या दिवसांत शेतकरी मार्केटला जाण्याआधी इथे स्वतःहून गाडी तोलतात. व्यापाऱ्याकडच्या वजनाशी ताळा करायला हाताशी एक चिठ्ठी असावी म्हणून. त्या चिठ्ठीवर विश्वास असतो तोवरच काट्याला अर्थ आहे, आणि मी खिडकीशी बसून त्या विश्वासावर एका वाक्यात पाणी फिरवलं होतं.  

"संजूभाऊ," मारोतराव म्हणाले, "नवी सिस्टीम टाकून द्या आजच्या आज. ती चौकटच नको मला."

"मामा, पण आपलं काट्याचं सॉफ्टवेअर तिच्यावर न्हाई चाललं तर?" सविता म्हणाली. "ज्यानं बनवून दिलं तो आता फोन बी उचलत न्हाई. अन् सकाळच्या गाड्या?"

सकाळच्या गाड्यांचं समजावून सांगतो. काट्यावर गाडी दोनदा तोलतात, आधी भरलेली, मग रिकामी. दोन्हींतला फरक म्हणजे माल. सकाळी भरून गेलेल्या गाड्या माल उतरवून संध्याकाळी परत येतात. तोवर त्यांचं पहिलं वजन लॅपटॉपमध्ये वाट बघत असतं. ते गेलं, तर संध्याकाळी त्या शेतकऱ्यांना तोंड दाखवायला जागा नाही.

आता सिस्टीमचं. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे इथे विंडोज, हा लॅपटॉपचा कारभारी. बाकी सगळी सॉफ्टवेअर त्याच्या परवानगीने चालतात. त्याचा सपोर्ट संपला म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही. फक्त व्हायरसपासून वाचवणाऱ्या नव्या दुरुस्त्या कंपनी पाठवत नाही. नव्या सिस्टीमला प्रोसेसरही नवा लागतो, आणि तो या लॅपटॉपमध्ये नव्हता. आडमार्गाने ती बसवता येते. मी बऱ्याच जणांना बसवून दिली आहे.

लपवत नाही, पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर दुकानातला चांगला सेकंडहँड लॅपटॉप आला. मारोतराव घाबरलेले होते. मी 'हा टाकून द्या' म्हणालो असतो तर त्यांनी लगेच मान हलवली असती. माझा लॅपटॉप खपला असता. पण घाबरवलं कोणी होतं? मीच. स्वतःच्याच तोंडाने केलेल्या घाणीवर धंदा करायचा, हे मला जमेना.

मी म्हणालो, "मारोतराव, आधी झेरॉक्सवर करून बघतो. मूळ कागदाला हात लावत नाही."

म्हणजे असं, की माझ्याजवळ एक मोकळी डिस्क होती. तिच्यावर मी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतली. मग जुनी काढून सविताच्या हातात दिली. तिने ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. नक्कल लॅपटॉपमध्ये घातली आणि तिच्यावर नवी सिस्टीम चढवली. याला बराच वेळ लागला. मधल्या काळात दोन ट्रक आले आणि लॅपटॉप बंद दिसल्यावर निघून गेले. मी खाली मान घालून चहा प्यायलो.

शेवटी नवी सिस्टीम सुरू झाली. काट्याचं सॉफ्टवेअरही उघडलं. मारोतराव खूश झाले. मग सविताचा नवरा काट्यावर मोटारसायकल घेऊन उभा राहिला आणि स्क्रीनवरची वजनाची जागा कोरीच राहिली.

काट्यापासून लॅपटॉपपर्यंत एक जुनी केबल येते. तिला नवी सिस्टीम ओळखतच नव्हती. मी इंटरनेटवर शोधलं, केबल काढून पुन्हा लावली, काही उपयोग झाला नाही.

इतक्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. लिंबाजी काका, पोत्यांसकट परत.

"तिकडं लई लाइन हाय," ते म्हणाले. "ऊन कडक झालं. पण मारोतराव, एक बोलतो, तुमचा तो लॅपटॉप बंद ठेवून तोला. मग मानतो."

"बंदच हाय समजा," मारोतराव वैतागून म्हणाले.

टेबलाच्या कोपऱ्यात एक लहान डबा असतो. त्याच्यावर लाल आकडे दिसतात. त्याला इंडिकेटर म्हणतात. खरं वजन तिथे उमटतं, आणि सरकारी माणूस येऊन सील मारतो तेही त्यालाच. लॅपटॉप त्याच्याकडून आकडा घेतो आणि चिठ्ठी छापतो, बस. हे मला आणि सविताला इतकं ओळखीचं होतं, की बाहेरच्यांना ते ठाऊक नसेल असं आमच्या मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी वजन करणारा तो मोठा स्क्रीनच होता.

काकांनी ट्रॅक्टर काट्यावर चढवला. सविताने इंडिकेटरचं तोंड खिडकीकडे फिरवलं. लाल आकडा स्थिर झाला. काकांनी माझ्या खिशातला पेन मागून तो तळहातावर लिहून घेतला.

"ट्रॅक्टर हलवू नका," मी म्हणालो. नक्कल काढली, जुनी डिस्क परत बसवली. लॅपटॉप सुरू केला. ती सूचनेची चौकट पुन्हा येणार नाही अशी बंद केली. इंटरनेट तोडलं. काट्याचं सॉफ्टवेअर उघडलं आणि स्क्रीनवर आकडा आला.

काकांनी हात वर धरून एकेक आकडा पडताळला. "बराबर हाय," ते म्हणाले. मग डब्याकडे बोट करून, "वजन हे करतंय, तर ह्या टीव्हीचं काय काम?"

"चिठ्ठी छापायचं, काका," सविता म्हणाली.

मी बाहेर गेलो. "काका, सकाळी मी बोललो ते लॅपटॉपबद्दल होतं. काट्यात काही खोट नव्हती. तसं बोलायलाच नको होतं मी. चुकलं माझं."

"जाऊ द्या हो," काका म्हणाले. "तसा मी बी जुनाच हाय. आमची सून मला बदलायचं म्हणून राहिली, पण नवीन मॉडेल तिला परवडंना." मारोतराव दिवसभरात पहिल्यांदा हसले.

मी मारोतरावांना सांगितलं तेच इथे लिहितो. सीझनभर सिस्टीम बदलू नका. लॅपटॉपला इंटरनेट नको, कोणाचा पेनड्राइव्ह नको. व्हॉट्सॲप आणि ऑनलाइन पेमेंट सविताच्या मोबाईलवर. इंडिकेटर खिडकीतच राहू द्या. पावसाळ्यात काटा रिकामा असतो, तेव्हा नवी केबल आणि नवं सॉफ्टवेअर आणू, ते दोन्ही जमलं तरच लॅपटॉप बदलू.

संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. रिकाम्या गाड्या एकेक करून आल्या. प्रत्येकीचं सकाळचं वजन जागेवर होतं. सविता चिठ्ठ्या फाडून देत होती आणि लोक लाल आकड्याकडे बघून घेत होते. मी शांत मनाने बसमध्ये बसलो. माझा सेकंडहँड लॅपटॉप अजून दुकानातच आहे.

या कामात मी दोन गोष्टी शिकलो. बदल आधी नकलेवर करून बघावा. आणि गिऱ्हाइकाच्या मशीनबद्दल काही वाईट बोलायचं असेल, तर आधी खिडकी लावून घ्यावी.