बंद पाकीट घेऊन तीन मजले

मैत्रिणींनो, आज ह्यांचा बायॉप्सीचा रिपोर्ट तयार होता, पण डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसेना.

"आंटी, आमचा कॉम्प्युटर चालू आहे, डॉक्टरांचाही. दोघांमध्ये निरोप पोचवणारं सॉफ्टवेअर असतं, मिडलवेअर. तेच बंद पडलंय. तुम्हीच घेऊन जा ना," लॅबमधली मुलगी म्हणाली.

बंद पाकीट घेऊन मी तीन मजले उतरले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर चिठ्ठी देऊन दुसऱ्या वर्गात पाठवायच्या, तेव्हा मी ती कधीच उघडली नाही. आजही पाकीट उघडलं नाही. काही वाटतच नव्हतं.

डॉक्टरांनी वाचलं आणि आम्हा दोघांना सांगितलं, कॅन्सर आहे.

घरी जाताना रिक्षा बोरिवलीला पोचली. तेव्हा हे म्हणाले, "जिन्यातच वाचायचंस गं. तुझ्या तोंडून कळलं असतं."

मैत्रिणींनो, तुम्ही उघडलं असतंत का?