बायांचं सभागृह

आक्का कुठल्याही कागदावर पहिल्या झटक्यात अंगठा देत नसत. कागद उलटासुलटा करून बघायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, आदी ऐकवा. मंग बगू."

पनवेलपासून तासाभरावर, डोंगराला लागून त्यांची कातकरी वाडी. मी पनवेलच्याच खांदा कॉलनीत नागरिकशास्त्राच्या शिकवण्या घेणारा, म्हणजे संसद तोंडपाठ आणि वाडीचा रस्ता विचारत जाणारा. कसत असलेली जंगलजमीन नावावर व्हावी यासाठी वनहक्काचे दावे भरून देतो म्हणून मोठ्या ऐटीत गेलो आणि ग्रामसभा ठेवली माघात. तेव्हा अख्खी वाडी वीटभट्ट्यांवर. सभेला मी, आक्का आणि दोन कोंबड्या.

"दिल्लीत मानसं नसताना सभा भरवतात काय?" आक्कांनी शांतपणे विचारलं.

लोक परतेपर्यंत वैशाख उजाडला. तोवर कायदा कसा होतो ते आक्कांना शिकवून मी माझी हौस भागवून घेतली. जंगल हा विषय केंद्राचा आणि राज्याचाही. हा कायदा केला दिल्लीनं, राबवायचा मुंबईनं. दिल्लीत एकेका कलमावर हो-नाही विचारतात. एका सभागृहानं मंजूर केलं तरी दुसऱ्याकडे जातं, त्यानं बदल केला तर पहिल्याकडे परत.

"दुसरं कशाला?"

"पहिल्याचं चुकलं तर धरायला," मी पुस्तकी वाक्य फेकलं.

सभेत मी एकतीस दावे एका दमात वाचले. मला जेवायला घर गाठायचं होतं. बाप्यांनी हात वर केले. तेवढ्यात आक्का उठल्या. "हे एक सभागृह झालं. आता दुसरं." बायकांना घेऊन त्या आंब्याखाली जाऊन बसल्या आणि मला एकेक दावा सावकाश वाचायला लावला. चौथ्यालाच त्यांनी थांबवलं.

"यात नुस्ता आमचा पोरगा. सून कुटं हाय? तो तर आज सभेला बी नाय. जमिनीत राबते ती सुगंधा."

नवरा-बायको दोघांची नावं लिहायची, हे कायद्यातच आहे. मी ते वर्गात शिकवतो. आणि माझ्या एकतीस अर्जांत एकाही बायकोचं नाव नव्हतं.

"बायांनी बदल केला, मास्तर. पयल्याकडं परत न्या."

बाप्ये कुरकुरले. सगळ्यात जास्त मी कुरकुरलो, पण अर्ज नव्यानं लिहिले.

जमीन नावावर झाल्याचे सरकारी कागद, म्हणजे पट्टे, यायला काही वर्षं गेली. गेल्या वर्षी आक्का गेल्या. मी दिवसांना गेलो होतो. त्यांच्या मुलानं भट्टीवर दुसरा संसार मांडला होता. सगळ्यांदेखत तो सुगंधाला म्हणाला, "जमीन माजी हाय. तू म्हायेरी जा."

प्लॅस्टिकच्या पिशवीतला पट्टा आणून तिनं माझ्या हातात दिला. "मास्तर, ऐकवा याला."

मी दोन्ही नावं वाचली. दुसरं, सुगंधाचं, आक्कांनी आंब्याखाली वाचायला लावलं होतं तसं सावकाश वाचलं.

"हिचं नाव कोनी घातलं?" तो माझ्यावर खेकसला.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मागच्या बायकाच म्हणाल्या, "दुसऱ्या सभागृहानं."