जावयाचे चार प्रश्न

किस्से गोळा करावे लागत नाहीत, राव. पंधरा गडी, एक अंड्यासारखा बॉल आणि पाण्याचा एक जार, एवढं जमलं की ते आपोआप साचत जातात. आमच्या कोल्हापूरच्या रग्बी क्लबात तर इतके साचलेत की प्रॅक्टिस संपवून पायरीवर बसलो की कुणी ना कुणी म्हणतंच, "मास्तर, जावयाचं सांगा की!" मास्तर म्हणजे मी. शाळेत पी.टी. शिकवतो आणि क्लबाचा मॅनेजर आहे. पूर्वी हे किस्से सांगताना हसू आवरायचं नाही. आता सांगतो, पण मध्येच थांबावं लागतं.

जावई म्हणजे बेन. इंग्लंडचा. चौदा वर्षं तिकडच्या क्लबांकडून रग्बी खेळलेला, त्यावरच पोट असलेला माणूस. डोक्याला मार बसून बसून शेवटी डॉक्टरांनी खेळ बंद केला. तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती आमच्या मंगळवार पेठेतली स्मिता. लग्न झालं. पुढं स्मिताच्या वडिलांना, बापूंना, अर्धांगवायू झाला तेव्हा दोघं इकडं राहायला आली आणि बेन आमचा कोच झाला. पेठेत त्याला बेन म्हणून हाक कुणी मारलीच नाही. पेठेचा जावई तो आमचा जावई!

* * *

त्याच्या हाताखालची पहिली मॅच. आमचे निम्मे गडी तालमीतले. त्यात सूरज सगळ्यात दांडगा, कोडोलीचा. त्यानं बॉल घेऊन पळणाऱ्या गड्याला कमरेत धरला, उचलला आणि पाडला. झकास!

रग्बीत गडी पाडला की लगेच सोडायचा असतो. सूरज सोडेना. त्याच्या छातीवर बसून रेफरीकडं बघायला लागला. रेफरीनं शिट्टी मारली आणि पेनल्टी आमच्यावर दिली.

"आन् का म्हणून?" सूरज ओरडला. "पाठ टेकली की त्येची! अजून काय पायजे?"

बाहेर बसलेले दोन जुने पैलवान तर टाळ्या वाजवत उठलेच. "व्हय की! चितपट हाय! हात वर करा पोराचा!"

काय झालं ते मी बेनला माझ्या शाळेपुरत्या इंग्रजीत समजावलं. तो हसून हसून गवतावर आडवा झाला. असल्या नऊ पेनल्ट्या दिल्या आम्ही त्या दिवशी, आणि सणकून हरलो.

* * *

बाकी सगळ्यात जावई मऊ, पण एका बाबतीत एकदम कडक. डोक्याला मार लागला की गडी बाहेर. त्यानं नियमच केला होता. ज्याला गरगरतंय त्यानं स्वतः एक हात सरळ वर करायचा. कुणी हसायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

पण कोल्हापूरचा गडी स्वतःहून हात वर करतोय होय? मग बेन जवळ जाऊन चार प्रश्न विचारायचा. मैदान कुठलं? हाफ कितवा? शेवटचा ट्राय, म्हणजे रग्बीतला गोल, कुणी मारला? मागची मॅच कुणाशी? एक जरी चुकला तरी बाहेर.

आता यावर उपाय काय? मी मास्तर माणूस. परीक्षा आली की पाठांतर! मॅचच्या आधी आणि हाफटाइमला मी सगळ्यांना गोल उभं करून चारही उत्तरं घोकून घ्यायचो. पोरं पाढे म्हणावेत तशी म्हणायची. तीन महिने आमचा एकही गडी बाहेर गेला नाही. मला तर भारी अभिमान वाटायचा!

* * *

इचलकरंजीतली मॅच. सूरजच्या कानशिलावर समोरच्याचा गुडघा बसला. उठला, पण डोळे भलतीकडंच. बेन पळत आत गेला. मीही पाण्याची बाटली घेऊन मागोमाग.

का कुणास ठाऊक, त्या दिवशी बेननं क्रम बदलला.

"हाफ कितवा?"

"इचलकरंजी!" सूरज छाती काढून म्हणाला.

"मागची मॅच कुणाशी?"

"सेकंड हाफ!"

आमची सगळी टीम खाली बघायला लागली. बेननं सूरजच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्याकडं बघून थोडासा हसला आणि मराठीत एकच शब्द म्हणाला, "बाहेर." मग आमच्याकडं वळून त्यानं विचारलं, हे कुणी शिकवलं?

मी हात वर केला.

* * *

मला वाटलं, आता हा माणूस मला क्लबातनं काढतोय. पण परतताना गाडीत तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि सावकाश, मला समजेल असं बोलत राहिला.

त्यांच्याकडं सीझनच्या आधी डोक्याची परीक्षा घेतात. पुढं मार लागला की तीच परीक्षा पुन्हा, आणि मार्क कमी पडले की बाहेर. "मास्तर, मी पहिल्या परीक्षेतच मुद्दाम चुकायचो," तो म्हणाला. "म्हणजे नंतर फरक दिसायला नको."

चौदा वर्षांत त्यानं एकदाही हात वर केला नव्हता. एकदाच त्याची देशाच्या टीममध्ये निवड झाली, राखीव म्हणून. त्याच आठवड्यात सरावात डोकं आपटलं. तो कुणाला बोलला नाही, कारण अंगात देशाचा शर्ट घालायचा होता. बाकावर बसला. मैदानात उतरायची वेळ आलीच नाही. आई-बाप बघायला आले होते.

"तो दिवस मला आठवत नाही," बेन म्हणाला. "व्हिडिओत बघितलाय. मी बाकावर बसलोय आणि हसतोय."

त्या दिवसापासून आमचं पाठांतर बंद झालं.

* * *

मग सूरजच्या घरचं जेवण. सूरजची आई म्हणजे एकदम दिलदार बाई. कोडोलीला सगळ्या टीमला आणि स्मितालाही बोलावलं होतं. कोंबडीचं कालवण, भाकरी, ताटात जागा शिल्लक नाही. बेन पोटभर जेवला, हात धुतले आणि सोप्यात येऊन बसला.

अर्ध्या तासानं तो उठून चुलीपाशी गेला. पोटावर हात फिरवत म्हणाला, "आई, भूक लागली. जेवू या?"

"अगं बया!" ती माउली हरखूनच गेली. "आवडलं वाटतं पावण्यास्नी! बसा की, बसा!" तिनं पुन्हा ताट वाढलं. बेन पहिला घास घेतल्यासारखा जेवायला लागला. पोरं ओरडली, "जावई, नाद खुळा!"

मीपण हसत होतो. तेवढ्यात स्मिताकडं लक्ष गेलं. ती हसत नव्हती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून त्याच्या ताटाकडं बघत होती.

* * *

पुढं त्याचं ते विसरणं वाढत गेलं. प्रॅक्टिस नसलेल्या दिवशी तो एकटाच मैदानावर येऊन उभा राहायचा. सूरजला तो नुसतं "भावा" म्हणायला लागला. सूरज मला हळूच म्हणाला, "मास्तर, जावयास्नी माझं नाव येत न्हाय आता. तुमी ह्ये त्यास्नी सांगू नका हं."

शेवटी स्मितानं इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली. तिचं म्हणणं सरळ होतं. तपासणीत काही निघालं तर कोचिंग बंद, आणि उपचाराला इंग्लंडला परत जायचं. बापूंना सांभाळायला तिचा भाऊ येणार होता.

त्याच आठवड्यात बेन मैदानावर तासभर आधी आला आणि पायरीवर माझ्या शेजारी बसला. बराच वेळ बुटाची लेस सोडत बसला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "डॉक्टर प्रश्न विचारणार. मला पाठ करून दे."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हाच माणूस! मी नाही म्हणायला पाहिजे होतं. आजही वाटतं, नाहीच म्हणायला पाहिजे होतं. पण खाली मैदानात पोरं वॉर्मअपला पळत होती, आणि तो त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होता ना, माझी जीभच रेटली नाही. मला तो जायला नको होता, दुसरं काय!

आठवडाभर रोज घोकलं. गाव कोल्हापूर. वार गुरुवार. महिना नोव्हेंबर. सासऱ्यांचं नाव बापू. आदल्या दिवशी वीस वेळा म्हणाला, एकदाही चुकला नाही. मी त्याची पाठ थोपटली.

* * *

गुरुवारी मीही गेलो. डॉक्टर साधा, शांत माणूस. बेन इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला होता. शेजारी स्मिता, तिच्या मांडीवर जुन्या रिपोर्टांची जाड फाईल. मी मागं भिंतीला टेकून उभा.

डॉक्टरांनी विचारलं, "महिना कुठला चाललाय?"

"कोल्हापूर," बेन म्हणाला. एकदम खणखणीत.

स्मितानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझी नजर फरशीवरनं वर येईना.

"आणि सासऱ्यांचं नाव काय?"

"गुरुवार."

डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. बेन त्यांच्या पेनाकडं बघत होता. मग वळून त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि इचलकरंजीला सूरजकडं बघून हसला होता तसा थोडासा हसला.

तो खुर्चीतनं उठला. शर्टाची बाही सारखी केली, आणि उजवा हात सरळ वर केला.

"बाहेर," तो मराठीत म्हणाला.