मे महिन्यातले दोन बनियन

रोह्याच्या मे महिन्यात अंगावर पदरही नकोसा होतो. अशा उकाड्यात माझा नवरा शर्टाच्या आत दोन-दोन बनियन घालायला लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, बाहेर काही भानगड असेल. पण भानगड करणारा माणूस सेंट मारतो, बनियन वाढवत नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूबाईंनी मला दोन डॉक्टरांकडे फिरवून आणलं, माझ्यात काही दोष निघाला नाही. नवऱ्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप होती? केमिकल कंपनीत नोकरी, संध्याकाळी जिम आणि दंड असे की बाह्या उसवायच्या.

एकदा तो अंघोळ करून निघाला आणि मी अचानक समोर आले. छातीला बाईसारखा उभार आला होता. हात लावला तर कळवळला.

"कंपनीतल्या केमिकलनं झालंय. प्लांटला अजून दोघांना झालंय. कुठं बोलू नको."

मी लगेच विश्वास ठेवला. आमच्याकडे खोकला झाला, केस गळले, आंब्याचा मोहोर गळला, तरी लोक कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. मग मला सगळीकडे केमिकल दिसायला लागलं. त्याचा युनिफॉर्म मी वेगळ्या बादलीत काठीने ढवळून धुवायचे, नळाचं पाणीसुद्धा वास घेऊन प्यायचे. या कपड्यांमुळेच माझी कूस रिकामी राहिली, असंही मनात घट्ट बसलं.

शेवटी म्हटलं, "अहो, मी येते गेटवर. साहेबांना विचारते."

तो पांढराफटक पडला. नोकरी जाईल, म्हणाला. साहेबांना घाबरणाऱ्यांतला हा नव्हे, म्हणून परत शंका आली. त्याच्याच प्लांटमधल्या एकाची बायको बाजारात भेटली, तिला आडून आडून विचारलं.

ती खो खो हसली. "नाय गो, आमच्याला कसली सूज? पोट तेवढं सुटलंय."

माझं माहेर पेणला, रामवाडीत. आई आजारी आहे असं सांगून मी त्याला एसटीत बसवलं. वडखळला गाडी अडकली तेव्हा त्याने विचारलं, "आई खरंच आजारी हाय ना?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

पेणच्या डॉक्टरांनी छाती नंतर बघितली, दंड आधी. "इंजेक्शनं कधीपासून घेताय?"

"नाय घेत."

डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी हलले नाही. मग तो मान खाली घालून म्हणाला, "दोन वर्षं झाली."

दंड फुगवायची ही इंजेक्शनं जिमच्या ट्रेनरने दिली होती. छाती सुजल्यावर ती उतरवायच्या गोळ्याही त्यानेच दिल्या. डॉक्टरांनी समजावलं की पुरुषाचं हार्मोन बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि त्यातलंच काही बाईच्या हार्मोनमध्ये बदलतं. तपासणीत शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. "ते सगळं बंद. ट्रेनरची गोळीसुद्धा नको. हळूहळू सुधारेल, पण कधी ते सांगता येत नाही."

पुढचे महिने वाईट गेले. दंड उतरले, चिडचिड वाढली, शिफ्टवरून आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला दया यायची, पण विश्वास बसत नव्हता. यायला उशीर झाला की मी त्याच्या अंगावर सुईची खूण शोधायचे. तो स्वतःच बाह्या वर करून उभा राहायचा.

मग माझी पाळी चुकली. घरीच तपासलं, दोन रेघा आल्या. तो कामावरून आला आणि मी दारातच सांगून टाकलं.

तो हसला नाही. बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण डॉक्टर तर बोललेले, वेळ लागेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. याच्या खोटेपणापायी मी लोकांचे टोमणे ऐकले, आणि आता हा माझ्यावर संशय घेत होता!

"पेणला जा आणि तपासून या," मी म्हटलं. "मी येणार नाही."

वाटलं होतं, जाणार नाही. पाया पडेल, निदान माफी तरी मागेल. पण सुट्टीच्या दिवशी तो खरंच गेला.

दोन दिवसांनी तपासणीचा निकाल चांगला आला तेव्हा कुठे त्याने पेढे आणले. त्याचे डोळे भरले होते. सासूबाईंनी पुडा देवापुढे ठेवला आणि पहिला पेढा माझ्यासमोर धरला. "घे गो, तोंड गोड कर."

मळमळतंय, असं मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं.