न रडणारं पाळणाघर

आमच्या वन्सं कमी बोलतात आणि मी जास्त, म्हणून आमचं एका स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं निभलं. दोघीही बोलणाऱ्या असतो तर कधीच एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही पाळणाघर चालवतो. अकरा मुलं आहेत. मुलं त्यांना मोठी मावशी म्हणतात आणि मला छोटी. अंगाने मी त्यांच्या दुप्पट, त्यामुळे नव्या पालकांचा हमखास गोंधळ होतो.

पाळणाघराचं नाव झालं ते एकाच गोष्टीमुळे. आमच्याकडे रडणं ऐकू येत नाही. वन्सं तरुणपणी शिवणाच्या कारखान्यात कामगार बायकांची तान्ही बाळं सांभाळायच्या. बाळ रडलं की आई मशीन सोडून धावायची आणि मुकादम तिच्या अंगावर खेकसायचा. एकदा एका बाईला त्याने बाळासकट घरी पाठवलं, ती परत आलीच नाही. तेव्हापासून वन्संनी ठरवलं की रडू फुटायच्या आतच ओळखायचं. कान चोळला की झोप, टाच घासली की ओलं, मूठ तोंडात गेली की भूक. जग म्हणतं, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. वन्संकडे रडायच्या आधी दूध हजर. याचा त्यांना फार अभिमान होता. खोटं कशाला बोलू, मलाही होता.

मग बटण आली. डोळे गोल, काळे, बटणासारखे, म्हणून मीच तिला हे नाव ठेवलं. आली तेव्हा सहा महिन्यांची होती. आई दवाखान्यात एक्स-रे काढते, बाप लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पोर वन्संच्या कडेवर. त्या दोघींचं असं काही जमलं की विचारू नका. बटणने खिडकीकडे नुसतं पाहिलं की वन्सं पडदा सरकवायच्या. पाय जरा उचलला की मोजा निघाला. दोघींना शब्दांची गरजच पडत नव्हती, आणि आम्ही कौतुकाने बघत बसायचो, मूर्खासारख्या.

बटणला दोन वर्षं पुरी होऊन वर तीन महिने झाले तरी पोर बोलेना. एक अक्षर नाही. आईचा जीव टांगणीला लागला. तिने कान तपासून घेतले, ते ठणठणीत निघाले. मग बोलण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दिवसभर हिच्याजवळ कोण असतं? त्या संध्याकाळी आई दारातच उभी राहिली, आत आली नाही. पाळणाघरात हिच्याशी कुणी बोलतच नाही, असं म्हणाली. या महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर दुसरीकडे ठेवते, असंही म्हणाली. आणि मग चार पालकांसमोर म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे माझी मुलगी मुकी राहिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला सुनावायला तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संनी मला मागे सारलं आणि शांतपणे विचारलं, डॉक्टरांकडे पुन्हा कधी जाणार, मी येऊ का? मी म्हटलं, गुन्हेगार स्वतःच चौकीत चालला. वन्सं म्हणाल्या, वहिनी, मुलीचं बोलणं अडलंय, माझ्या अब्रूचं काय घेऊन बसलीस?

तिथे काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. डॉक्टरीणबाई अर्धा तास नुसत्या बघत होत्या. बटणने पिशवीकडे पाहिलं, वन्संनी पाण्याची बाटली काढून दिली. बटणने मान वळवली, वन्संनी चेंडू आणून दिला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्याइतकं मूल वाचणारी बाई मी पाहिली नाही, पण तिला बोलायची वेळच तुम्ही येऊ देत नाही. काही मुलं मुळातच उशिरा बोलतात, हिचं तसंही असेल, छातीठोक सांगता येणार नाही. पण हे करून बघा. हवी ती वस्तू हातात धरा, तिचं नाव सांगा, आणि मनात दहा मोजा. बोलली नाही तरी मग द्या. तिला तळमळत ठेवायचं नाही, फक्त थांबायचं. आणि दिवसभर जे कराल ते तिला बोलून सांगा.

बडबड करायचा सल्ला ऐकून मला वाटलं, डॉक्टरांनी औषध म्हणून मलाच लिहून दिलं की काय! मी म्हटलं, बटणला माझ्याकडे द्या, आठ दिवसांत भाषण करेल. वन्सं नको म्हणाल्या. पोर त्यांच्याकडे बघायची, माझ्याकडे नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साठीला आलेली बाई बोलायला शिकली, हो. पहिल्या दिवशी स्वतःशीच लाजत होती. आता मी डावा मोजा घालते, हा बघ अंगठा, आता उजवा. मी स्वयंपाकघरात तोंडात फडका कोंबून हसत होते. पण दहा मोजणं भयंकर होतं. बटणने वाटीकडे पाहिलं की वन्संचा हात आपोआप उठायचा. मग त्या तो हात मांडीखाली दाबून बसायच्या. सात, आठ मोजेपर्यंत कपाळाला घाम यायचा. बटणला काही कळेना. इतके दिवस न मागता मिळत होतं, आज मावशीला झालंय काय? तिसऱ्या दिवशी तिने असा गळा काढला की समोरच्या दुकानातला माणूस रस्ता ओलांडून विचारायला आला. वन्सं मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. चेंडू, हा बघ चेंडू. एक, दोन, तीन.

तीन आठवडे गेले आणि काही फरक नाही. मला वाटलं, गेली ही पोर हातची. महिना संपायला चार दिवस होते. सकाळी अकराला वन्सं तिच्यासमोर पाण्याचा पेला धरून बसल्या होत्या. मी दारात तांदूळ निवडत होते. मीही मनात मोजत होते, चार झाले, पाच झाले. बटणने पेल्याकडे पाहिलं, वन्संच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पानी."

माझ्या हातातलं ताट पडलं, तांदूळ खोलीभर झाले. वन्संनी पेला दिला, हो, पाणी, घे पाणी, असं म्हणाल्या आणि तिची पाठ चोळत राहिल्या. त्यांच्या हनुवटीवरून टिपं गळत होती. मी फोनकडे धावले.

"कुणाला लावतेस?"

"तिच्या आईला. त्या दिवशी जिभेला हाड नव्हतं ना, आता ऐकू दे."

"ठेव तो. पहिला शब्द आईने ऐकायचा असतो."

"अहो, पण ऐकला तुम्ही!"

"मी काही ऐकलं नाही, आणि तूही नाही."

मी भांडले. तुमच्यावर आळ आला तो चार लोकांत, मग श्रेयही चार लोकांत घ्या, असं म्हटलं. त्या तांदूळ गोळा करत राहिल्या.

संध्याकाळी आई आली, नेहमीसारखी घाईत. बटणचे बूट घ्यायला वाकली, तर वन्सं म्हणाल्या, आज तुम्ही करून बघा. बूट हातात धरा, नाव सांगा आणि दहा मोजा, बसची काळजी करू नका, पुढची मिळेल. आईने घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला आणि वन्संचं मन राखायचं म्हणून बूट धरला. वन्सं दोन पावलं मागे सरकल्या. मोजणं सहावर आलं होतं का सातवर, तेवढ्यात बटण म्हणाली, "बूत."

आई तिथेच पायरीवर बसली. पर्समधलं सगळं सांडलं, त्यातूनच फोन उचलून तिने नवऱ्याला लावला, बोलली रे, आत्ता बोलली, पहिल्यांदा, माझ्याशी. मग डोळे पुसत वन्संकडे वळली आणि म्हणाली, मावशी, तुम्ही ऐकलंत का?

"नाही हो, माझं लक्ष नव्हतं. काय म्हणाली?"

जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून उभी राहिले. बूट म्हणाली, असं त्या आईने वन्संना दोनदा सांगितलं, आणि वन्संनी ते दोन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.